दाराजवळचा बसायचा बाक आणि खाली चपलांचा रॅक, घरीच कसा करायचा

आमच्या दाराशी चपलांचा जो ढीग असायचा त्यावरून घरात रोज कुणाचं ना कुणाचं वाजायचं. बाजारातला लोखंडी सळ्यांचा रॅक एकदा आणला, तो एका पावसाळ्यात गंजला. मग तयार लाकडी बघायला गेलो तर स्वस्तातल्या बहुतेकांच्या आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, आणि रोज लादी पुसताना त्याला खालून पाणी लागलं की तो भिजवलेल्या पोह्यांसारखा फुगतो. सुतारकाकांना विचारलं तर ते म्हणाले एवढ्याशा कामासाठी मला वेळ नाही ताई. मग मीच केला. त्याआधी आयुष्यात ड्रिल मशीन हातात धरलेलं नव्हतं. पहिला चुकला, दुसरा टिकला, आणि सासूबाई आता त्यावर बसून आरामात चपलेचे पट्टे लावतात, त्यामुळे कसा केला ते नीट लिहिते.

आधी एक, पहिलंच काम म्हणून ड्रॉवरचं टेबल किंवा भिंतीवरचं कपाट घेऊ नका. ड्रॉवरच्या चॅनलला दोन्ही बाजूंनी बरोब्बर अर्धा इंच जागा लागते, दोन एमएम कमीजास्त झालं की तो अडकतो नाहीतर डुलतो, आणि भिंतीवरचं कपाट चुकलं तर कुणाच्या तरी डोक्यात पडतं. चपलांच्या रॅकला दार नाही, बिजागरी नाही, ड्रॉवर नाही, फळी थोडी तिरकी लागली तरी वर चपलाच येणार आहेत, कोण बघतंय.

आता खरी गोष्ट. नवशिक्याला वाटतं फर्निचर मोडतं ते लाकूड बारीक असतं म्हणून किंवा स्क्रू कमी पडतात म्हणून. तसं फार कमी वेळा होतं. फर्निचर आधी हलायला लागतं, आडवं डुलतं, मग स्क्रू स्वतःचीच भोकं मोठी करत जातात आणि मग एक दिवस सगळं एका बाजूला झोपतं. घरातली काड्यापेटी घ्या आणि आतला ट्रे बाहेर काढा. नुसतं बाहेरचं कव्हर बोटाने बाजूला ढकललं की लगेच चपटं होतं. ट्रे परत आत घातला की तेच कव्हर, तोच कागद, हलत नाही. चौकट स्वतःच्या जोरावर कधीच ताठ राहत नाही, तिला आडवं धरणारं काहीतरी लागतं. माझ्या पहिल्या रॅकला चारी बाजू आणि फळ्या होत्या पण मागे काहीच नव्हतं, आणि नवरा त्यावर बसून बुटाची लेस बांधायला वाकला की पूर्ण रॅक त्याच्याबरोबर वाकायचा. तेव्हा यातल्या त्या तीन पट्ट्या मी सांगणार आहे त्या फालतू समजून वगळू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

लाकूड कुठलं घ्यायचं? प्लायवूड, १८ एमएम. दुकानात याला 'पाऊण इंची' पण म्हणतात, खरं तर पाऊण इंच म्हणजे सहा सूत म्हणजे १९ एमएम होतात, पण ते सोडा. (एका इंचाचे आठ सूत, एक सूत साधारण तीन एमएम. सुतार आणि दुकानदार इंच-सुतात बोलणार, तुम्ही एमएममध्ये लिहून न्या आणि एमएमवरच ठाम राहा, मधे रूपांतर करायला गेलात की मेलात.) प्लायमध्ये ग्रेड असतात. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारी, घरातल्या कोरड्या जागेला ठीक. बीडब्ल्यूआर त्याच्या वरची, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे ज्याला सगळे मरीन प्लाय म्हणतात ती. एमआर आणि बीडब्ल्यूआरवर आयएस ३०३ असा नंबर असतो, मरीनवर आयएस ७१०, शीटवर आयएसआयच्या शिक्क्याजवळ बघा. आपला रॅक दाराशी, पावसाळ्यात ओल्या चपला, शिवाय रोजची लादी, म्हणून बीडब्ल्यूआर तरी घ्याच, मरीन परवडली तर उत्तम. भाव स्क्वेअर फुटावर सांगतात आणि दुकानागणिक बदलतो, म्हणून पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चार दुकानं फिरून मगच घ्या. घेताना शीटची कड बघायची, थरांच्या मधे पोकळ फटी दिसल्या तर नको, आणि कडेवरून एक डोळा मिटून बघायचं, शीट पापडासारखी वाकलेली असेल तर दुसरी काढायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि हो, पॅलेटचं लाकूड. भोसरी-चाकणकडच्या भंगारवाल्यांकडे कंपन्यांमधले पॅलेट स्वस्तात मिळतात आणि व्हिडिओत ते फार छान दिसतं, पण त्यातले खिळे काढण्यातच अर्धा रविवार जातो आणि एखादा आत तुटून राहिलेला खिळा करवतीचे दात घालवतो. तरी घ्यायचंच असेल तर पॅलेटवर भाजून उमटवलेला शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड गरम करून कीड मारलेली आहे, ते चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू वापरलेला आहे, ते घरात आणू नका.

आता मापं. बाक ९०० एमएम लांब, ३०० खोल, ४५० उंच. साडेचारशे का, तर खुर्चीची बसायची उंची साधारण तेवढीच असते, गुडघेदुखीवाल्या माणसाला उठता आलं पाहिजे. वरची फळी ९०० बाय ३००, एक. बाजूच्या फळ्या ४३२ बाय ३००, दोन. आतले कप्पे ८६४ बाय ३००, दोन. पट्ट्या ८६४ बाय ६०, तीन.

हे ४३२ आणि ८६४ कुठून आले ते समजून घ्या कारण सगळे नवशिके इथेच आपटतात, मीपण आपटले. वरची फळी बाजूंच्या डोक्यावर बसते, म्हणून ४५० मधून तिची जाडी १८ गेली, राहिले ४३२. कप्पे दोन बाजूंच्या मधे बसतात, म्हणून ९०० मधून दोन्हीकडचे अठरा-अठरा गेले, राहिले ८६४. मी पहिल्या वेळी कप्पेसुद्धा ९०० चे कापून आणले होते आणि घरी येऊन दहा मिनिटं ते कसे बसत नाहीत म्हणून त्यांच्याकडेच रागाने बघत होते. आणि १८ एमएमची प्लाय कधीकधी १७ चीच भरते, तेव्हा कापायला देण्याआधी जाडी मोजा आणि कमी भरली तर त्याप्रमाणे वजाबाकी बदला.

हे सगळं आठ बाय दोन फुटाच्या अर्ध्या शीटमध्ये बसतं, म्हणजे १६ स्क्वेअर फूट. शीट मधोमध लांबीने चिरून ३०० च्या दोन पट्ट्या पाडायच्या. एकीतून ९००, ८६४ आणि ४३२. दुसरीतून ८६४ आणि ४३२, आणि उरलेल्या तुकड्यातून तिन्ही ६० च्या पट्ट्या. काही दुकानदार अर्धी शीट देत नाहीत, मग सहा बाय तीनची शीट मागा, त्यातही तीन रांगा करून बसतं. कापताना लक्षात ठेवायचं की मशीनचं ब्लेड दर वेळी तीनेक एमएम स्वतःच खातं, म्हणून सगळे तुकडे एकाला एक चिकटवून आखू नका. आणि प्लायच्या वरच्या थरातल्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने ती जास्त ताठ असते, आठ फुटी शीटमध्ये सहसा लांबीच्या दिशेने, म्हणून लांब तुकडे लांबीतूनच निघाले पाहिजेत. कापणारा माणूस शीट वाचवायला एखादा कप्पा आडवा फिरवायला बघतो, तेव्हा तिथेच उभं राहायचं.

कापून कुठून घ्यायचं, तर जिथे प्लाय घेताय तिथेच किंवा जवळच्या मोठ्या टेबल मशीनवाल्याकडे. घरी हातकरवतीने १८ एमएम सरळ रेषेत ९०० कापणं पहिल्यांदा जमत नाही, उगाच हिरमोड होतो. कापणाऱ्याला सांगायचं, ८६४ चे सगळे एकाच सेटिंगला काढा, ४३२ चे दोन्ही एकाच सेटिंगला काढा. ८६४ चे सगळे ८६२ भरले तरी काही बिघडत नाही, वरची फळी दोन एमएम बाहेर येईल इतकंच, पण एक ८६४ आणि दुसरा ८६० आला तर रॅक वाकडाच होणार. शिवाय कापून घेतलेलं सगळं रिक्षाच्या मागच्या सीटवर मावतं, अख्खी शीट नेण्यासाठी टेम्पो लागतो.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. सुतार लोक टाइल कापायचं कटर किंवा छोट्या ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावून सपासप प्लाय कापतात, बऱ्याचदा वरचं गार्ड काढून. तुम्ही हे करायचं नाही. लाकडात ब्लेड अडकलं की मशीन उलटा झटका देतं, आणि त्यांना पण तो बसतो, त्यांची बोटं नीट बघा एकदा.

घरी काय काय लागेल: मेजर टेप, गुण्या (काटकोन आखायचं साधन), पेन्सिल, ड्रिल मशीन, ३ एमएम आणि साडेचार एमएमचे ड्रिल बिट, स्क्रूचं डोकं आत बसवायला काउंटरसिंक बिट, पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे, फेविकॉल, आणि ८ नंबरचे ५० एमएम लाकडाचे स्क्रू चाळीसेक. सी क्लॅम्प, म्हणजे फळ्या घट्ट आवळून धरणारे शिकंजे, दोन मिळाले तर हात मोकळे राहतात. डोळ्याला साधा गॉगल, नाकाला मास्क. ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी, सुटे केस, लांब बाह्या काही नाही, फिरणारं बिट कापड गुंडाळून हातासकट ओढतं. आणि मेजर टेपच्या टोकाचा तो पत्र्याचा आकडा थोडा सैल हलतो म्हणून टेप खराब आहे समजून बदलायला जाऊ नका, मी गेले होते. तो मुद्दाम सैल असतो. बाहेरून अडकवून मोजलं की तो स्वतःच्या जाडीइतका पुढे सरकतो आणि आतून टेकवून मोजलं की मागे जातो, म्हणून माप दोन्हीकडे बरोबर येतं.

पहिलं काम आखणी. दोन्ही बाजूच्या फळ्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा, खालच्या कडा भिंतीला टेकवून, म्हणजे दोन्ही एका रेषेत येतील. मग खालून ६० आणि ७८ वर, आणि २४३ आणि २६१ वर, गुण्या लावून दोन्ही फळ्यांवर एकदमच रेषा मारा. दोन रेषांच्या मधे कप्पा बसणार, तिथे फुली करा. वेगवेगळं मोजून आखलं की कप्पा एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली जातो आणि चपला घसरत एका कोपऱ्यात जमतात. खालच्या कप्प्याखाली ६० एमएम सोडलेत ते झाडूसाठी. खालच्या कप्प्यात बूट बसतात, वरच्यात पुढची पट्टी आडवी येते म्हणून तिथे चपला आणि सँडल.

आता भोकं. फुलीच्या मधोमध, प्रत्येक कप्प्याला तीन, पुढच्या आणि मागच्या कडेपासून चाळीसेक एमएम आत आणि एक मधे. बाजूच्या फळीत साडेचारच्या बिटने आरपार पाडायची, खाली एखादा टाकाऊ तुकडा ठेवून, नाहीतर पलीकडून प्लायच्या चिपा उडतात. मग बाहेरच्या बाजूने काउंटरसिंकने थोडी वाटी करायची. कप्प्याच्या कडेत मात्र ३ च्या बिटने भोक पाडायचं. दोन वेगळी बिटं कशाला हा प्रश्न मलाही पडला होता. बाहेरच्या फळीत स्क्रूचे आटे पकडायला नकोत, तो नुसता सरकून आत गेला पाहिजे आणि आतल्या फळीला धरून खेचलं पाहिजे. दोन्हीकडे आटे पकडले तर दोन फळ्यांच्या मधे एक फट राहते आणि कितीही पिळलं तरी जात नाही. आणि प्लायच्या कडेत आधी भोक न पाडता स्क्रू घातला तर थर उकलतात, मग फेविकॉल कितीही ओता.

(दुपारी दोन ते चार ड्रिल चालवू नका. आमच्या खालचे आजोबा एकदा बनियनवर वर आले होते.)

जोडणी करण्याआधी सगळं एकदा फेविकॉलशिवाय जुळवून बघा आणि प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूला पेन्सिलने नाव लिहा, डावी, उजवी, खालचा कप्पा वगैरे. मग सुरुवात. यावेळी दुसरा माणूस लागतोच, घरातल्या कुणाला तरी पकडा. बाजूच्या दोन फळ्या कडेवर उभ्या करून मधे खालचा कप्पा, कडेला फेविकॉल लावून, आधी प्रत्येक बाजूचा मधला स्क्रू, मग बाकीचे. मग वरचा कप्पा. दोन्ही कप्प्यांमधलं अंतर १६५ असायला पाहिजे, त्याला जुन्या वह्यांचा गठ्ठा मापून मधे ठेवला की हात थरथरला तरी फळी हलत नाही. मग पट्ट्या. तिन्ही उभ्या, म्हणजे ६० ची बाजू वर-खाली. एक वरच्या फळीखाली अगदी पुढे, एक तिथेच अगदी मागे, तिसरी वरच्या कप्प्याच्या खाली मागच्या बाजूला. प्रत्येक टोकाला बाजूच्या फळीतून दोन-दोन स्क्रू, भोकांचा नियम तोच, बाजूत साडेचारचं, पट्टीच्या कडेत ३ चं.

पट्टी उभीच का, तर शाळेतली फूटपट्टी आठवा, आडवी धरली की लवते, उभ्या कडेवर धरली की लवत नाही. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. १८ एमएमची नुसती फळी ९०० च्या अंतरावर टाकून त्यावर धडधाकट माणूस बसला तर ती मधे चक्क एक सेंटिमीटर खाली जाते, खाली या दोन पट्ट्या असल्या की एक-दोन एमएमच्या वर जात नाही. आणि मागच्या पट्ट्या ते काड्यापेटीच्या ट्रेचं काम करतात. पुस्तकांचं शेल्फ करायला घ्याल तेव्हाही हेच, अडीच-तीन फुटांपेक्षा लांब फळी आधाराशिवाय ठेवली की काही महिन्यांत हसायला लागते.

शेवटी वरची फळी, फेविकॉल लावून, वरून स्क्रू, दोन्ही बाजूंवर तीन-तीन आणि पुढच्या-मागच्या पट्टीवर तीन-तीन. वरून स्क्रू दिसतात म्हणून नाक मुरडू नका, वर लांबी (म्हणजे पुट्टी) भरली की रंगात जातात, आणि वर पातळ गादी टाकली की विषयच संपला. तज्ज्ञ लोक खालून ॲंगल लावतात, पुढच्या वेळी लावू.

फेविकॉल ओला असतानाच काटकोन तपासायचा. समोरून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, मग उलट. दोन्ही माप सारखं आलं पाहिजे, आपल्या मापांना साधारण १००६ एमएम. एक जास्त आलं तर त्या दोन कोपऱ्यांना हाताने दाबून जवळ आणा, पाच एमएमचा फरक सुद्धा ओल्या फेविकॉलमध्ये सहज निघतो, उद्या सकाळी निघणार नाही. बाहेर आलेला फेविकॉल तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा, वाळला की त्यावर पॉलिश किंवा क्लिअर कोट बसत नाही आणि पांढुरके डाग राहतात. मग एक अख्खा दिवस त्याला हात लावायचा नाही. मुलांना पण सांगून ठेवा.

रंगाचं थोडक्यात. ८० ने कडा, मग १२० ने सगळं घासायचं, रेषांच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे रंगातून पण दिसतात. स्क्रूची डोकी आणि कडेतल्या फटी लांबीने भरायच्या, वाळली की परत घासायची. मग वूड प्रायमर, २२० ने हलकंसं घासून ऑइल पेंटचे दोन हात, मधे एक रात्र. पावसाळ्यात दोन रात्री धरा. लाकडाचा रंग ठेवायचा असेल तर जवसाचं तेल लावायची फॅशन आहे, लावा, पण तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवायची.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे बाजूच्या फळ्यांची खालची कड, जी जमिनीला टेकते आणि जिथे कुणी बघत नाही. रॅक उलटा करून तिथे प्रायमर आणि रंग दोन-तीन वेळा नीट मुरवा, आणि चार कोपऱ्यांत नायलॉनचे बुश, म्हणजे पायाखाली ठोकायच्या छोट्या टिकल्या, ठोका म्हणजे लादीचं पाणी कडेपर्यंत पोचणारच नाही. मरीन प्लाय घेऊन ही कड उघडी सोडली तर ते पैसे कशाला घातले ते तुम्हीच सांगा.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला आठवडा तरी जातो. तोपर्यंत चपला ठेवू नका. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी कुणीतरी सँडल ठेवले, कुणी ते मी सांगत नाही, पण वरच्या कप्प्यावर नऊ नंबरच्या सोलची नक्षी अजून तशीच आहे.